जिलानीभाईंचा नंबर

आमच्या कॉलेजातल्या पाचशे तेरा पोरापोरींचा मोबाइल नंबर एकच आहे. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर कुणाचाही अर्ज उघडा, बीएच्या पहिल्या वर्षाचा असो की बीएस्सीच्या शेवटच्या, संपर्काच्या रकान्यात तेच दहा आकडे. नांदेडहून तपासणीला आलेल्या एका साहेबांनी मला विचारलं होतं, "मॅडम, हे काय? कॉपी मारलीय का?" मी म्हटलं, "नाही साहेब, हा जिलानीभाईंचा नंबर आहे." साहेबांना वाटलं जिलानीभाई म्हणजे कुणी संस्थाचालक असतील. त्यांनी मान डोलावली आणि पुढची फाइल मागितली.

मी सिंधु. लोह्याच्या या कॉलेजात एकवीस वर्षं शिष्यवृत्तीच्या टेबलावर बसते. माझी जीभ तिखट आहे असं पोरं म्हणतात आणि ते खरं आहे. ज्या टेबलावर दिवसाला साठ जण येऊन "मॅडम, माझे पैसे कव्हा येतेत?" विचारतात, तिथं गोड जीभ टिकत नाही. या तिखटपणाचा उपयोग जिथं करायला हवा होता तिथं मात्र मी तोंड शिवून बसले.

जिलानीभाईंचं दुकान बसस्टँडसमोरच्या गल्लीत. एका शटरची खोली, आत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि भिंतीवर कुठल्या दाखल्याला काय काय कागद लागतात त्याची हाताने लिहिलेली यादी. त्यांचे आब्बा तहसीलीच्या दारात बसून लोकांचे अर्ज लिहून देत. अर्जनवीस म्हणायचे त्यांना. आब्बांचा हात थरथरायला लागला तेव्हा जिलानीभाईंनी टाइपरायटर घेतला, आणि टाइपरायटरला कुणी विचारेना तेव्हा कॉम्प्युटर. धंदा बदलला नाही. सरकारला काय हवंय ते सरकारच्या भाषेत लिहायचं आणि माणसाला काय हवंय ते माणसाच्या भाषेत विचारायचं.

आता हा नंबर सगळ्यांचा कसा झाला ते सांगते. सांगायला मला आवडत नाही, कारण सुरुवात माझ्यापासून आहे. अर्ज ऑनलाइन झाले त्या पहिल्या वर्षी मी शिष्यवृत्तीची यादी छापून नोटीस बोर्डावर डकवली. नाव, वर्ग, मोबाइल नंबर. पोर्टलवरून जशी निघाली तशी लावली, शेवटचा रकाना झाकावा एवढी अक्कल मला सुचली नाही. कुणा रिकामटेकड्याने त्या यादीचा फोटो काढला. तीन दिवसांत पुनम नावाच्या पोरीला मिस्ड कॉल यायला लागले. फोन होता तिच्या थोरल्या भावाच्या हातात. पंधरा दिवसांत पुनमचं कॉलेज बंद झालं आणि दोन महिन्यांत लग्न. बारावीला तिला गणितात शंभरात अठ्ठ्याण्णव होते.

पुनमचा अर्ज जिलानीभाईंनी भरला होता. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून त्यांनी कुठल्याही पोरीचा नंबर अर्जात टाकला नाही. एक बटणांचा फोन घेतला, नवं सिम घातलं, आणि तो नंबर सगळ्यांच्या अर्जात. त्या फोनवरून ते कुणाला फोन करत नसत. तो फक्त ओटीपीसाठी. शर्टाच्या वरच्या खिशात, रबर बँड गुंडाळून.

मग मुलंही यायला लागली. बाप हैदराबादला कामाला, दर तीन महिन्याला सिम बदलणार. भाऊ पुण्यात, तो फोन उचलणार नाही. मोबाइल शेतात बापाजवळ आणि अर्ज लोह्यात. सगळ्यांना एकच उत्तर: "माझा टाकून देतो." आधारकार्डालाही बऱ्याच जणांनी तोच लावून घेतला. गावोगावच्या बायका निर्धास्त झाल्या. जिलानीभाईंच्या नंबरावर आहे म्हटलं की घरातला पुरुष पुढचा प्रश्न विचारत नसे. किती पोरी त्या दहा आकड्यांच्या आडोशाने शिकल्या, याची मोजदाद माझ्याशिवाय कुणी ठेवली नसेल.

आणि पासवर्ड? ते सगळे डोक्यात. कागदावर एक नाही. मी एकदा म्हटलं, "भाई, एखाद्या वहीत लिहून ठेवा की." तर हसले. "आब्बा म्हनायचे, लोकांच्या घरातलं आपल्या कागदावर ठेवू नये. कागद चोरीला जातो ताई, डोकं न्हाई जात." पोर पहिल्यांदा दुकानात आलं की ते त्याच्याशी पाच मिनिटं बोलत आणि त्या बोलण्यातून एखादी गोष्ट उचलून पासवर्ड करत. कुणाच्या बैलाचं नाव, कुणाच्या गावची जत्रा. वर्षाने ते पोर दारात दिसलं की नाव विचारायच्या आधी बोटं चालायला लागायची. आम्ही पैजा लावायचो. ते कधी हरले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी शिवकन्या तिच्या लेकीला, आरतीला, घेऊन आली. लोह्यापासून सात-आठ किलोमीटरवरचं गाव, घरचं दहा एकर रान, सोयाबीन आणि थोडी हळद. खाऊनपिऊन सुखी घर. नवरा रामकिशन वाईट माणूस नाही, पण शब्दाचा ताठ. पोरगी बारावी झाली तेव्हा त्याने भावकीसमोर सांगून टाकलं होतं: सरकार फी भरतंय तोवर शिक. ज्या वर्षी घरातून एक रुपया मागशील त्या वर्षी लगीन. शिवकन्याने हे मला कॉलेजच्या पायरीवर सांगितलं, पदराने घाम पुसत. "मॅडम, तीन वर्सं निगाली की झालं. डिग्री हातात आली की नर्सिंग न्हाई तर मास्तरकी, कायतरी हुईल. पन मंदी एक बी साल चुकलं तर बाई, पोरगी गेली माज्या हातातून."

दोन वर्षं सुरळीत गेली. आरतीचा अर्ज जिलानीभाईंच्या नंबरावर गेला, मंजूर झाला, फी आली. तिसरं, शेवटचं वर्ष लागलं. रसायनशास्त्रात ती वर्गात पहिली.

त्या वर्षीच्या गणपतीत मी दुकानावर चहाला थांबले होते. जिलानीभाई प्रिंट काढता काढता म्हणाले, "ताई, आईची तब्येत कशी हाय आता?"

माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. जिलानीभाई मातीला आले होते. नांदेडला गोदावरीत राख सोडायला जाताना माझ्या भावाशेजारी गाडीत तेच बसले होते.

मी म्हटलं, "बरी आहे."

का म्हटलं? आजही मला नीट सांगता येत नाही. तोंडातून तेच निघालं. ते म्हणाले, "सलाम सांगा," आणि प्रिंट मोजायला लागले. मी चहा अर्धाच ठेवून निघाले.

नंतर दिसायलाच लागलं. बीएच्या पोराच्या अर्जात बीकॉम. एकाच पोराचा दाखला दोघांना जोडलेला. माझ्या लॉगिनमध्ये असे अर्ज येत, मी ते शेरा मारून परत पाठवी आणि दुरुस्त कसं करायचं ते चिठ्ठीवर लिहून दुकानावर देई. "ताई, आज नजर चुकली," ते म्हणत. मी म्हणे, "होतं भाई." झाकली मूठ सव्वा लाखाची. पण मूठ त्यांची होती आणि आत पाचशे तेरा पोरं होती, हे मला कळत होतं. कळून मी गप्प बसले. कारण माझं निम्मं काम तो माणूस फुकटात करत होता, आणि कारण पुनम. त्या एका यादीनंतर या माणसाला चूक दाखवायचं तोंड मला नव्हतं.

दिवाळीनंतर फरीदा, त्यांची बायको, माझ्या टेबलाशी आली. कॉलेजात ती कधी येत नाही. खुर्चीच्या काठावर बसली आणि आवाज खाली करून म्हणाली, "ताई, परसों इनों घर का रास्ता भूल गए. मस्जिद से निकले, स्टँड पे खडे थे. बाजूवाले ने लाके छोडा. मेरेकू बोले, चक्कर आई."

"डॉक्टरला दाखवलं?"

"लातूर ले गई थी. नांदेड में दवाखाने जाओ तो आधा लोहा मिलता. डॉक्टर बोले, ये बढेगाच. गोली दिए." तिने माझा हात धरला. "किसकू बोलना नको ताई. दुकान पे लोगां आना बंद हो गए तो इनों घर में बैठ के मर जाएंगे."

मी कबूल केलं. पण त्याच संध्याकाळी दोनशे पानी वही घेऊन दुकानावर गेले. म्हटलं, "भाई, कॉलेजला वरून आदेश आलाय. सगळे पासवर्ड लिहून ठेवायचेत. तुम्ही सांगा, मी लिहिते."

त्यांनी चष्मा काढला. एकवीस वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं बघितलं नव्हतं. "असा आदेश न्हाई निघत ताई. मी बी सरकारी कागद वाचतो." मग हळूच म्हणाले, "फरीदा आली होती का तुमच्याकडं?"

मी नाही म्हटलं.

"माझ्यावर भरोसा न्हाई राहिला का?"

आहे, म्हटलं. वही पर्समध्ये घातली आणि परत आले. त्या वहीत एक अक्षर लिहिलं गेलं नाही. तिथं मी अडून बसायला हवं होतं, भांडायला हवं होतं, वेळ पडली तर फरीदाचा शब्द मोडायला हवा होता. इतरांवर सुटणारी माझी जीभ तेव्हा टाळूला चिकटली. याचा राग मला अजून येतो आणि तो दुसऱ्या कुणावर काढता येत नाही.

डिसेंबरात आरतीचा अर्ज परत आला. उत्पन्नाचा दाखला जुना होता, नवीन जोडून पुन्हा पाठवा, एवढंच काम. शेवटची तारीख वीस जानेवारी, संध्याकाळी पाच. शिवकन्याने तहसीलीत चार खेपा घालून दाखला काढला. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, तिला तीन आठवड्यांत मिळाला. आठ जानेवारीला तिने तो जिलानीभाईंच्या हातात दिला.

पंधरा तारखेला मी लॉगिन उघडलं. आरतीचा अर्ज आलेला नव्हता. फोन केला. "झालं ताई, कालच केलं." सतराला पुन्हा बघितलं. नाही. "झालं म्हनलं ना ताई, पोर्टल स्लो हाय." पोर्टल हळू चालतं हे मला ठाऊक होतं, म्हणून मी आणखी दोन दिवस स्वतःची समजूत काढली. एकोणीसला बाकी सगळे अर्ज आले होते. एक आरतीचा नव्हता.

वीस तारखेला दुपारी दोनला मी, शिवकन्या आणि आरती दुकानावर पोहोचलो. जिलानीभाई आम्हाला बघून खूश झाले. खुर्च्या पुसल्या. आरतीचा दाखला टेबलावरच होता, प्लास्टिकच्या पिशवीत, तिने दिला तसाच.

"भाई, हा जोडायचा राहिलाय," मी म्हटलं.

"हो? आत्ता करतो. दोन मिन्ट."

त्यांनी बोटं ठेवली. बोटं चालली नाहीत. मॉनिटरकडे बघत राहिले, मग आरतीकडे, मग पुन्हा मॉनिटरकडे. प्रिंटरचा पंखा घरघरत होता.

मी आरतीला विचारलं, "तुला माहीत नाही पासवर्ड?"

तिने मान हलवली. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाची पोरगी, अणूचे बंध तोंडपाठ, आणि स्वतःच्या अर्जाची किल्ली दुसऱ्याच्या डोक्यात. मला तिच्यावर ओरडावंसं वाटलं. पण ही रीत तिने पाडली नव्हती.

"काही बिघडत नाही," मी मोठ्याने म्हटलं, स्वतःलाच धीर द्यायला. "पासवर्ड विसरला तर विसरला. ओटीपी मागवू, नवीन करू."

बटण दाबलं. नोंदणीकृत मोबाइलवर ओटीपी पाठवला आहे, असं आलं. जिलानीभाईंनी खिशातून फोन काढला, रबर बँड सोडला आणि तळहातावर धरून बसले. आम्ही तिघी त्या फोनकडे बघत होतो. दोन मिनिटं गेली. पाच गेली. पुन्हा मागवला. फोन गप्प. मी माझ्या मोबाइलवरून तो नंबर लावला. फोनमधली बाई म्हणाली, आपण डायल केलेला क्रमांक सेवेत नाही.

तेवढ्यात फरीदा डबा घेऊन आली होती. मी तिच्याकडे वळले. "रिचार्ज कधी केला होता याचा?"

"हर महिने पैसे देती मैं. बोलते, डाल दिया."

ऑक्टोबरापासून टाकला नव्हता. हे नंतर मोबाइलच्या दुकानात कळलं. तिथला माणूस म्हणाला, इतके दिवस बंद राहिलेला नंबर आता तुमच्या नावावर राहिलाच नाही, कधीही दुसऱ्या कुणाला जाईल. पासवर्ड आठवत होते तोवर कुणाला ओटीपी लागला नाही, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. आधारचा मार्ग होता, पण आधारलाही तोच नंबर.

हळू पोर्टलशी झगडण्यात साडेतीन झाले होते. उरलं एकच. आठवायचं. पोर्टल तीन वेळा चुकू देतं, मग चोवीस तास कुलूप. आणि आमच्याकडे दीड तास होता.

"भाऊ," शिवकन्या म्हणाली, "सावकाश घ्या. घाई नका करू. तुमच्या डोक्यातून काई जात न्हाई, मला म्हाईत हाय."

पहिल्यांदा त्यांनी गावाचं नाव आणि जन्मसाल टाकलं. लाल अक्षरं आली. दुसऱ्यांदा बराच वेळ डोळे मिटून बसले, ओठ हलत होते, मग काहीतरी टाकलं. लाल अक्षरं. कपाळावर जानेवारीत घाम आला होता. फरीदा डबा तसाच धरून दाराशी उभी होती.

त्यांनी खुर्ची फिरवली आणि आरतीला समोर बसवलं. "बेटा, पहिल्या दिवशी तू आली होतीस ना, तव्हा काय बोलली होतीस माझ्याशी?"

आरती म्हणाली, "चाचा, मी काहीच बोलले नव्हते. आईच बोलत होती."

"मी काय बोलले बाई?" शिवकन्या स्वतःलाच विचारायला लागली. "शेळी इकली म्हनले होते का? न्हाई, ते नंतर. आंब्याचं बोलले होते का?" तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "भाऊ, मी शिकलेली असते तर ध्यानात ठेवलं असतं."

जिलानीभाई तिच्याकडे बघत होते. हळूहळू त्यांचा चेहरा निवळला. मला वाटलं, आलं. खरंच वाटलं. ते वळले आणि पूर्वीसारखी बोटं चालली, न थांबता, एकेका टिचकीला खात्री. एंटर दाबला.

लाल अक्षरं आली. खातं चोवीस तासांसाठी बंद करण्यात आलं आहे.

जिलानीभाईंनी हात झटकले, खुर्चीला टेकले आणि प्रसन्न हसले. "झालं, बेटा. गेला अर्ज."

शिवकन्याला अक्षर येत नाही. तिने झालं एवढंच ऐकलं. तिचे डोळे भरून आले, ती उठून त्यांना हात जोडायला लागली. "भाऊ, तुमचे उपकार लई झाले. पोर वाचली माजी." फरीदाने तोंडाला पदर लावला. आरती ती लाल अक्षरं वाचत होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मग खाली वाकून चाचांच्या पाया पडली, टेबलावरची दाखल्याची पिशवी उचलली आणि आईला दंडाला धरून बाहेर नेलं. रस्त्यावर तिला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. शिवकन्या रसवंतीच्या बाकड्यावर मटकन बसली, एवढं दुकानातून दिसलं.

मी नंतर जे जे करता येईल ते केलं. तक्रार नोंदवली. उत्तर आलं की विद्यार्थ्याने नोंदणीकृत मोबाइल क्रमांकावरून संपर्क साधावा. प्राचार्यांकडे गेले, ते म्हणाले पोर्टल आपल्या हातात नाही. शेवटी रामकिशनच्या घरी जाऊन म्हटलं, यंदाची फी मी भरते, माझी लेक समजा. तो ओसरीत बसला होता. शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमी आलात, च्या घ्या. पन भावकीसमोर शबुद दिलेला हाय. दुसऱ्याच्या पैशावर लेक शिकवनारा मी न्हाई." आत शिवकन्या भाकरी थापत होती. थापायचा आवाज मध्येच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. नायगावकडचं स्थळ फेब्रुवारीत पक्कं झालं.

कॉलेजात मी मोठी नोटीस लावली. सर्व विद्यार्थ्यांनी अर्जातला आणि आधारचा मोबाइल नंबर तातडीने बदलून घ्यावा, जुना क्रमांक बंद झाला आहे. वर्गावर्गात जाऊन सांगितलं. पाचशे तेरांपैकी अकरा आले. अकराही मुलगे होते, पोरगी एकही नाही.

आरतीचं लग्न वैशाखात, गावातच, शाळेच्या मैदानावर मांडव. मला जायचं नव्हतं, पण शिवकन्या स्वतः पत्रिका घेऊन आली होती. जिलानीभाई आणि फरीदाही आले. भाई आता बारीक झालेत, दुकानाचं शटर फरीदा अर्धंच उघडते आणि लोकांना बीपीचा त्रास आहे म्हणून सांगते. त्यांनी नवरीच्या हातात पाकीट दिलं, डोक्यावर हात ठेवला आणि नवरदेवाला अभिमानाने म्हणाले, "माझ्या नंबरावर शिकली ही पोर. बीएस्सी झाली." आरतीने मान खाली घातली. तिने सांगितलं नाही की झाली नाही. शिवकन्या पलीकडे उभी होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "भाऊ, जेवून जावा. तुमच्यासाटी येगळं शिजवलंय." मला त्या बाईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

आम्ही पंगतीची वाट बघत खुर्च्यांवर बसलो होतो. तेवढ्यात शिवकन्याची धाकटी जाऊ, त्याच घरातली, लेकीला ओढत घेऊन आली. पोरगी बारावीची, अजून निकाल लागायचा होता.

"भाऊ, ही माजी थोरली. निकाल लागला की हिचा बी फार्म भराचा हाय. तुमचाच नंबर टाका. लिहून द्या, हिच्या बापाला दावते."

जिलानीभाईंनी लग्नपत्रिका उलटी केली, खिशातलं पेन काढलं आणि दहाच्या दहा आकडे लिहिले. एक चुकला नाही. अक्षर अजून सुरेख आहे. फरीदाने माझ्याकडे बघितलं, ती नजर मला ओळखीची होती. पण या वेळी मी तिचं ऐकलं नाही.

"तो नंबर बंद आहे," मी म्हटलं. आजूबाजूची माणसं वळली, मी आवाज खाली केला नाही. "ऑक्टोबरापासून बंद आहे. त्याच्यामुळंच आरतीचं वर्ष गेलं, तुम्हाला घरात ठाऊक आहे. हिचा स्वतःचा नंबर टाका. नाहीतर तुमचा टाका. हा नको."

जिलानीभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी खिशातला फोन चाचपला. "बंद? न्हाई ताई, आत्ता तर वाजला होता." फरीदाने त्यांच्या दंडावर हात ठेवला. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, जावेकडे बघत राहिले.

तिने पत्रिकेवरच्या आकड्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिला माझा राग आला नव्हता. ती खरंच विचार करत होती.

"बंद हाय म्हंता?" ती म्हणाली. "मंग तर बरंच हाय की मॅडम. कुनाचा फोन यायची भीती न्हाई."

तिने पत्रिकेची घडी केली, कमरेच्या पिशवीत घातली आणि लेकीला घेऊन पंगतीला जाऊन बसली.